१४ कॅरेटची पट्टी

इंग्रजी दागिन्यांवरचा बर्मिंगहॅमचा जहाजी नांगराचा छाप कसा वाचायचा, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं आहे. मध्येच साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नाने मला धरूनच ठेवलं.

बाईंकडे आजीची अंगठी आहे. मध्ये एक हिरा, भोवती सहा, असं फूल. घरात पहिल्यापासून सांगतात की ही आजीच्या लग्नातली, दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची, आणि घडवली सांगलीत. सराफाने मात्र कॅरेटमीटरवर ठेवली आणि सांगितलं, ‘सोनं चौदाचं आहे. इतकी जुनी नसणार.’ आता घरचं खरं मानायचं की सराफाचं?

आपल्याकडच्या दागिन्यांचं वय काढताना मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण म्हणजे हे १४ कॅरेट. परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही, कारण ती आपल्या कायद्याने उमटवलेली आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. त्याच युद्धापायी जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचं सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही, असा नियम झाला. १४ कॅरेट म्हणजे शंभर भागांत जेमतेम ५८ भाग सोनं. मंगळसूत्राच्या वाट्यांपासून पाटल्यांपर्यंत बावीसच्या खाली न उतरणाऱ्या आपल्या घरांना ते पितळेसारखं वाटलं. गाडगीळांची पेढी १८३२ मध्ये ज्या सांगलीत सुरू झाली, तिथल्या सराफ कट्ट्यालाही हा नियम लागू होता. हातावर पोट असलेल्या सोनारांचे तर फार हाल झाले. पुढे काही महिन्यांनी लहान सोनारांना एवढी सूट मिळाली की गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच कसाचा नवा करून द्यावा. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र मधू दंडवते अर्थमंत्री असताना, १९९० मध्ये गेला.

म्हणजे आपल्या सोनाराच्या हातचा, १४ कॅरेटचा, घरगुती वळणाचा दागिना समोर आला की माझं मन आधी १९६३ ते १९६६ या काळाकडे जातं. इतकी नेमकी तारीख हिऱ्याच्या पैलूंवरून कधी मिळत नाही.

पण कॅरेटमीटरच्या एका आकड्यावर थांबू नये. हल्ली हिऱ्याचे दागिने १४ आणि १८ कॅरेटमध्ये सर्रास घडतात, कारण बावीसचं सोनं मऊ असतं आणि खडा धरणाऱ्या नख्या त्यात ढिल्या पडतात. म्हणून सोनं चौदाचं निघालं की अंगठी घडली कशी, ते पाहायचं. बाई अंगठी घेऊन आल्या तेव्हा मी आधी पट्टीची आतली बाजू भिंगाखाली धरली. कानशीचे बारीक तिरके ओरखडे होते, तळाशी पट्टीची दोन टोकं जिथे झाळून जोडलेली तिथे फिकट रेघ होती, आणि तळहाताकडची बाजू झिजून वरच्या निम्मी झाली होती. साच्यात ओतलेल्या अंगठीत कोपऱ्याकोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सापडतात, इथे एकही नव्हतं. हॉलमार्क नाही, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नाही. पट्टी हाताने ठोकून घडवलेली आणि भरपूर वापरलेली.

मग अंगठी उलटी केली. फुलाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान गोल डाग होता. तिथे काहीतरी झाळलेलं होतं, ते कापून कानशीने सपाट केलं होतं. पट्टी त्या डागाला टाळून दोन्ही बाजूंना जोडली होती.

ही कुडी आहे! मध्ये एक, भोवती सहा, ही आपल्या कुडीचीच मांडणी, आणि डाग आहे तो मळसूत्राचा, ज्यावर कानामागून फिरकी बसते. मी बाईंना विचारलं, लग्नातली याद जपली आहे का? त्यांनी घरी जाऊन ट्रंक उघडली. यादीत अंगठी नाहीच. ‘हिऱ्याच्या कुड्या, जोड १’ अशी ओळ आहे आणि वजन तोळे, मासे, गुंजांत. आजीला दोन मुली. कुड्यांचा जोड मोडला आणि दोघींना एकेक अंगठी करून दिली, असं मी धरून चालतो.

ते केव्हा झालं, याचं उत्तर त्याच कॅरेटमीटरने दिलं. सराफाने किरण पाडला होता पट्टीवर. बाईंनी पुन्हा जाऊन फुलाच्या पाठीवर, डाग आणि झाळ टाळून, पाहायला सांगितलं, तर तिथे विसाच्या जवळपास निघालं. झाळीचं सोनं नेहमी हलकं असतं, ते किरणाखाली आलं तर आकडा फसवतो, म्हणून जागा निवडून दोन-तीनदा पाहावं. फूल जुन्या कसाचं आणि पट्टी चौदाची. फूल मोडायची गरज नव्हती, नवं सोनं लागलं ते पट्टीपुरतं, आणि नवं सोनं चौदाच्या वर वापरायला बंदी.

आता हिऱ्यांकडे. मधला हिरा आजीच्या लग्नाहूनही जुना असावा. वरचा सपाट पैलू लहान, माथा उंच, आणि वरून सरळ आत पाहिलं की मधोमध बारीक गोल दिसतो. जुने कारागीर हिऱ्याच्या तळाचं टोक घासून सपाट करत, त्याचा तो गोल. हिऱ्याची कडा मात्र गोल नाही, चौकोनाकडे झुकलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत १८६७ पासून हिरे सापडू लागले आणि काही वर्षांत कडा गोल करणारी यंत्रंही आली, त्यानंतर असा आकार मागे पडत गेला. भोवतीच्या सहांपैकी पाच त्याच हाताचे. सहावा मात्र पूर्ण गोल, तळाला टोक असलेला, टॉलकोव्स्कीने १९१९ मध्ये मांडलेल्या प्रमाणांच्या घराण्यातला. कधीतरी खडा पडला आणि बाजारात मिळाला तो बसवला. एका खड्यावरून अख्ख्या दागिन्याचं वय ठरवू नये, असं मी या लेखमालेत वारंवार लिहितो ते यासाठी.

घरातल्या हिऱ्याच्या बाबतीत आपण एका दृष्टीने सुदैवी आहोत. बाजीराव दुसऱ्यांकडून १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला त्र्यंबकेश्वरचा नासक हिरा लंडनमध्ये नव्याने कापला गेला आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरेटवर आणला. त्याच्या आजच्या पैलूंत पेशवाईचं काही उरलेलं नाही. कुडीतला हिरा पुन्हा पैलू पाडण्याएवढा मोठा नसतो. त्याचं कोंदण बदलतं, तो तसाच राहतो.

सोन्याला ते भाग्य नाही. १४ कॅरेटचे साधे दागिने आज इतके कमी का दिसतात, याचं कारण मला तरी हेच वाटतं की अट उठल्यावर लोकांनी ते मोडीत घातले. सोनं गाळून शुद्ध करणारे हात तर आपल्याच खानापूर-आटपाडी भागातले. विट्याकडचे गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत बसलेले आहेत. खडे जडवलेला दागिना मोडायला जिवावर येतं, म्हणून ही पट्टी राहिली.

तेव्हा बाईंना माझं उत्तर असं : मधला हिरा आणि त्याचे पाच सोबती एकोणिसाव्या शतकातल्या घडणीचे, फूल आजीच्या लग्नाचं किंवा त्याआधीचं, पट्टी बहुधा १९६३ ते १९६६ मधली, सहावा खडा मागाहून बसवलेला. दुसरी अंगठी सांगलीला मावशीच्या घरी आहे, असं त्या म्हणतात. तिच्या फुलाच्या पाठीवर तसाच डाग आहे का, आणि तिची पट्टी किती कॅरेटची आहे, एवढं पाहून कळवावं. तीही चौदाची निघाली, तर दोन्ही अंगठ्या बहुधा एकाच वेळी झाल्या. बावीसची निघाली, तर ती १९६३ आधी किंवा १९६६ नंतर झाली, जुना दागिना मोडून त्याच कसात झाली, किंवा तिची पट्टी पुन्हा बदलली, आणि तेव्हा झाळ तपासावी लागेल. बर्मिंगहॅम पुढच्या आठवड्यात.