इन्व्हर्टरची दूरची कळ

पावसाळ्यात राजहंसगडावर ढग उतरले आणि येळ्ळुरात वीज गेली, म्हणजे आपणांस इन्व्हर्टरची आठवण होते. बॅटरीतील १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणे, हे या यंत्राचे कार्य होय.

६०० वॉटचे काम करावयाचे तर २३० व्होल्टला सुमारे २.६ अँपिअर पुरतात. १२ व्होल्टला मात्र ५० हून अधिक लागतात. म्हणून बॅटरीपासूनची तार जाड व आखूड असावी लागते आणि यंत्र बॅटरीजवळच ठेवावे लागते. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. तेव्हा जागा हवेशीर हवी.

मग माजघरातून यंत्र चालू कसे करावे? त्यासाठी तारेने जोडलेली दूरची कळ असते. तिच्यातून दिव्यांचा प्रवाह जात नाही, केवळ इशारा जातो. म्हणून टेलिफोनसारखी बारीक तार पुरते. यंत्र बंद करून त्याच बनावटीची कळ जोडावी. दुसरी कळ खाचेत बसली तरी तिच्या तारांचा क्रम निराळा असू शकतो. तार दारात चेंगरू देऊ नये. काम संपताच कळ बंद केली, म्हणजे यंत्र रिकामे चालून बॅटरी उतरत नाही.

परंतु आम्हांस विशेष सांगावयाचे ते हे, की ही कळ बंद केल्याने बॅटरीचा संबंध तुटत नाही. दुरुस्तीपूर्वी मेन्सची पिन व नंतर बॅटरीची ऋण तार काढलीच पाहिजे. त्यानंतरही आतील संधारित्रांत काही काळ वीज साठून राहते. यास्तव यंत्र जाणकारानेच उघडावे.