मंदमति मुलाचें पोट आणि घरच्यांची संमति

गेल्या चैत्रांत माझ्या वडील बहिणीच्या घरीं एक बैठक भरली होती. घर मोठें, चूल एक, पानें चौदा. विषय तिच्या नातवाचा होता. मुलगा सव्वीस वर्षांचा. जन्मतःच डाऊन-विकृतीचा, म्हणजे शरीरांतील पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक. उंची पांच फुटांहून कमी आणि वजन शंभर किलोंच्या वर. रात्रीं निजेंत श्वास अडे, जिना चढवेना. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया कोणीं सुचविली होती, तीवर दीड तास वाद झाला. ज्याच्या पोटाविषयीं तो चालला होता तो कोपऱ्यांत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलीत होता. त्यास कोणींच कांहीं विचारलें नाहीं. मींही नाहीं, हें येथें कबूल करतों.

पहिल्या रुग्णालयांतही तोच प्रकार घडला होता. तेथील गृहस्थांनीं मुलाकडे न पाहतांच, "अशांना पथ्य काय कळणार?" म्हणून वाटेस लावलें होतें. हा समज पुष्कळ ठिकाणीं आहे, पण तो शास्त्राला धरून नाहीं. अमेरिकेंतील स्थौल्य-शल्यतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१८ सालीं किशोरवयीन रुग्णांसाठीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत केवळ बौद्धिक अक्षमतेमुळें कोणासही हा उपचार नाकारूं नये, असें स्पष्ट म्हटलें आहे.

तथापि शस्त्रक्रिया म्हणजे काय, हें घरानें नीट समजून घ्यावें. प्रचलित प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात. उरतें तें केळ्याच्या आकाराची नळी. भूक चेतविणारा एक स्राव त्यामुळें कमी होतो. काढलेला भाग पुन्हां बसवितां येत नाहीं. पुढें जन्मभर घास लहान घ्यावयाचा, सावकाश चावावयाचा, जेवतांना पाणी टाळावयाचें, जीवनसत्त्वें व लोह यांच्या गोळ्या चुकवावयाच्या नाहींत. पोटांत दुखलें तर वेळेवर सांगावयाचें. आणि ज्यास दुखणें शब्दांत सांगतां येत नाहीं, त्याच्या चेहऱ्यावरून तें ओळखणारें माणूस घरांत हवें. शिवाय डाऊन-विकृतींत गलग्रंथीचें मांद्य वारंवार आढळतें, कित्येकांचें हृदय जन्मतः सदोष असतें, आणि मानेचे वरचे मणके सैल असण्याचा संभव असल्यामुळें भूल देतांना विशेष जपावें लागतें.

सर्व मुलांस एकच माप लावूं नये, याचें दुसरें उदाहरण आहे. १९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील प्राडर, लाबहार्ट व विली या वैद्यांनीं एका विकृतीचें वर्णन केलें. तींत पंधराव्या गुणसूत्रांतील पित्याकडून आलेला अंश काम करीत नाहीं आणि मुलास पोट भरल्याची जाणीवच होत नाहीं. तीं मुलें चोरून खातात म्हणून घरोघर मार बसतो. वस्तुतः तो त्यांचा दोष नव्हे. तेथें जठर कापूनही भूक मेंदूंत तशीच राहते. वजन पुष्कळदां परत चढतें, आणि अतिआहारानें जठर फाटण्याचें भय असतें. अशा घरीं स्वयंपाकघराला कुलूप हेंच मोठें औषध. या भुकेवरील पहिल्या औषधास अमेरिकेंत २०२५ सालीं मान्यता मिळाली. चरकानें अतिस्थौल्याच्या कारणांत अतिभोजनाबरोबर 'बीजस्वभाव' हाही गणिला आहे. आम्ही मास्तर लोक मात्र लठ्ठ मुलास आळशी म्हणून बाकावर उभें करीत आलों.

आमच्या ताईंच्या घरीं कुलपाची गरज नव्हती. गरज होती ती आवरण्याची. आजी लाडू देई, काकू चकली देई, धाकटे काका सायंकाळीं अमृततुल्याचा चहा व खारी देत. 'बिचाऱ्यास दुसरें काय सुख?' असें जो तो म्हणे. बिचारा म्हणून आपण ज्याच्या तोंडांत घास घालतों, त्याच्या गुडघ्यांना तो भार वाहावा लागतो.

कायद्याचेंही ऐकावें. अठरा वर्षें उलटल्यावर केवळ आईबाप म्हणून सही चालेलच असें नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें स्थानिक समितीकडून पालक नेमून घेतां येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर पालकानें त्या व्यक्तीशीं मिळून, परस्परविश्वासानें निर्णय घ्यावा असें सांगतो. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका मंदमति स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीवांचून करण्यास नकार दिला होता. बुद्धि कमी म्हणून देहावरचा अधिकार कमी होत नाहीं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई वेगळ्या निघाल्या. त्यांनीं आम्हां वडीलधाऱ्यांस बाजूस बसविलें, मुलापुढें एक पातेलें व एक वाटी ठेवली. "आतां पोट एवढें आहे, मग एवढें होईल. चालेल?" त्यानें बराच वेळ वाटींत बोट फिरविलें.

"पुरणपोळी?"

"चतकोर. तीही कधींतरी."

"मग आजीला सांगा," तो म्हणाला.

ताईंच्या डोळ्यांस पदर गेला. शस्त्रक्रियेचें तूर्त सहा महिने लांबणीवर टाकलें आहे. गलग्रंथीचें औषध व झोपेंतील श्वासाचें यंत्र चालू झालें आहे, सकाळीं काका चहाऐवजीं पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फिरावयास नेतात, आणि कार्तिकांत बाई त्यास पुन्हां विचारणार आहेत. लाडवांचा डबा ताईंनीं शेजारीं ठेवावयास दिला. तो कोणत्या फडताळांत आहे, हें नातवानें मला परवां कानांत सांगितलें, वर म्हणाला, "मामाआजोबा, मी नाहीं उघडला."