दिव्यांग बालकांसाठीचे शासकीय लाभ : मुदत सरण्यापूर्वी पालकांनी काय करावे?



आपल्या आमली परिसरातील कित्येक कुटुंबांत एखादे मूल दृष्टी, श्रवण, बुद्धी वा हालचाल यांपैकी कशात तरी उणे घेऊन वाढत आहे. अशा बालकांसाठी शासनाच्या योजना आहेत, परंतु त्यांचा लाभ ठरावीक मुदतीत अर्ज करणाऱ्यासच मिळतो. मंदिरात येणाऱ्या एका भक्त कुटुंबाने गेल्या वर्षी नववीतील मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या आठवड्यात भरावयास घेतला. त्या वेळी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती नव्हते आणि आधारपत्रावरील आडनाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हते. त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ नये, यासाठी हा लेख.

प्रथम मनातील संकोच दूर करावा

मुलाचे व्यंग हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानून ते लपविण्याची प्रवृत्ती आजही आढळते. श्री गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) चरित्र अशा वेळी आठवावे. अमरावती जिल्ह्यातील माधान येथील या बालकाची दृष्टी वयाच्या अवघ्या नवव्या महिन्यात गेली. पुढे त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले व ते ‘प्रज्ञाचक्षु’ म्हणून वंदनीय ठरले. नोंद केल्याने मुलाची अप्रतिष्ठा होत नाही. मूल लपवून ठेवल्याने मात्र त्याचे उपचार, शिक्षण व हक्क तिन्ही मागे पडतात.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या कायद्यात केवळ सात प्रकारच्या अपंगत्वाचा विचार होता. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला व त्यात एकवीस प्रकार समाविष्ट झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यांतील काही होत.

या यादीतील एक आजार आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे, तो म्हणजे सिकलसेल. आदिवासी समाजात तो अधिक आढळतो. हिमोफिलिया व थॅलेसेमिया यांच्याबरोबर सिकलसेल आजारही २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वात गणला गेला. वारंवार तीव्र वेदना होणारे, रक्त द्यावे लागणारे मूल हातापायांनी धडधाकट दिसते, म्हणून पालक अर्जच करीत नाहीत. त्यांनी तपासणीचे अहवाल घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांस अवश्य विचारावे. मात्र जे मूल केवळ वाहक आहे, ज्यास प्रत्यक्ष आजार नाही, त्यास हे प्रमाणपत्र मिळत नाही.

बहुतेक लाभांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. असे प्रमाण असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे.

पहिली पायरी : प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड

१. स्वावलंबन कार्डाच्या शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरावा. मुलाचे छायाचित्र, आधारपत्र, रहिवासाचा पुरावा व उपचारांची कागदपत्रे जवळ ठेवावीत. अर्ज भरताच मिळणारा नोंदणी क्रमांक लिहून जपून ठेवावा.

२. मूळ अहवालांसह मुलास वैद्यकीय तपासणीसाठी न्यावे. सिल्वासा येथे शासकीय रुग्णालय आहे. तपासणी कोणत्या दिवशी होते याची चौकशी आधी करावी, म्हणजे रोजंदारीवरील पालकांचा दिवस वाया जात नाही.

३. तपासणीनंतर टक्केवारी निश्चित होते. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढऱ्या, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळ्या व ८० किंवा अधिक असल्यास निळ्या रंगाच्या पट्टीचे कार्ड मिळते.

४. वाढत्या वयाच्या मुलांस अनेकदा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते. त्यावरील अखेरची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी व तत्पूर्वी पुनर्तपासणी करून घ्यावी.

आपल्या वस्तीत धुळे, जळगाव, नाशिक, पालघर अशा जिल्ह्यांतून कारखान्यांत कामासाठी आलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत. त्यांनी जाणून घ्यावे की, अर्ज रहिवासाच्या जिल्ह्यात किंवा जेथे उपचार चालू आहेत वा झाले आहेत त्या रुग्णालयात करता येतो, आणि एका ठिकाणचे प्रमाणपत्र संपूर्ण देशात ग्राह्य असते. राज्यांच्या स्वतंत्र योजनांना मात्र त्या त्या राज्याच्या रहिवासाच्या अटी लागू असतात.

मुदतीचा हिशोब उलट करावा

पालकांची खरी चूक येथे होते. योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख हीच आपली तारीख, असे ते समजतात. परंतु २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यास वैद्यकीय प्राधिकरणास तीन महिन्यांपर्यंत अवधी आहे. म्हणून योजनेच्या शेवटच्या तारखेपासून किमान चार महिने मागे मोजून काम सुरू करावे.

शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. केंद्र शासनाची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी व दहावीसाठी आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पुढे आहे. दोन्हींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व व पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत ही अट आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर होतो व प्रत्येक वर्षाची मुदत तेथे जाहीर होते. अर्ज दाखल झाल्यावर शाळेने त्याची पडताळणी करावयाची असते व तिचीही वेगळी मुदत असते. तेव्हा अर्ज भरून स्वस्थ न बसता शाळेत जाऊन पडताळणी झाल्याची खात्री करावी.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय योजनांसाठी यूडीआयडी क्रमांक आवश्यक झाला आहे. कार्ड हाती आले नसल्यास दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासह नोंदणी क्रमांक देता येतो. यासाठीच तो जपावयाचा.

अन्य लाभ

*निरामय आरोग्य विमा :* स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांस राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. विम्याचे वर्ष ३१ मार्च रोजी संपते, म्हणून नूतनीकरण त्याआधीच करावे.

*आयकर :* जुन्या करप्रणालीने कर भरणाऱ्या पालकास दिव्यांग पाल्यासाठी ७५,००० रुपये, व ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपये वजावट मिळते.

*पालकत्व :* वरील चार प्रकारांतील मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडिलांसही कायदेशीर पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये त्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करावयाचा असतो.

सर्व कागद एका पिशवीत

नावाचे अक्षरलेखन आधार, जन्मदाखला, शाळेचा दाखला व बँकेचे पासबुक या चारही ठिकाणी एकसारखे आहे का, हे आजच पाहावे. फरक असल्यास तो आधी दुरुस्त करावा. बँक खाते आधारशी जोडलेले असावे. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा असावा. प्रत्येक अर्जाची प्रत व पोचपावती एकाच पिशवीत ठेवावी.

विश्वस्त व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती की, आपल्या आळीत असे मूल असल्यास त्याच्या घरी जाऊन ही माहिती सांगावी. ज्यांस वाचता येत नाही त्यांचा अर्ज भरून द्यावा व तपासणीच्या दिवशी सोबत जावे. एखाद्या मातेचा एक हेलपाटा वाचविला, तरी ती देवाच्या चरणी रुजू झालेली सेवाच होय.

सर्व बालकांचे कल्याण होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— विश्वस्त मंडळ, आमली