पसंतीक्रम कोणाचा?

‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी गुणांची चर्चा सुरू होते. त्यानंतर भरावयाच्या महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाकडे मात्र केवळ एक कारकुनी बाब म्हणून पाहिले जाते. कोणी शेजाऱ्याची यादी उतरवून घेतो, कोणी पैसे मोजून सल्लागाराकडून तयार करवून घेतो. वस्तुतः विद्यार्थ्याची पुढील साडेपाच वर्षे कोठे आणि कशी जाणार, हे त्याच्या गुणांइतकेच या यादीवरही अवलंबून असते.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उर्वरित ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक निर्बंध २०२० मध्ये रद्द झाला आणि संपूर्ण राज्य प्रत्येकाला खुले झाले. निवडीचे क्षेत्र असे विस्तारले असले, तरी निवडीमागील भीती कमी झालेली नाही. मागील वर्षीचा ‘कटऑफ’ पाहून ‘हे आपल्याला मिळणार नाही’ म्हणून आवडीचे महाविद्यालय खाली ढकलणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. ही भीती निराधार आहे. गुणवत्ता क्रमांकानुसार विद्यार्थ्याची पाळी आली की, त्याच्या यादीत वरून पाहत जाऊन ज्या ठिकाणी त्याला जागा मिळू शकते, ते पहिले महाविद्यालय त्याला दिले जाते. वरचे नाव हुकले म्हणून खालच्या नावावरील त्याचा हक्क कमी होत नाही. म्हणून क्रम इच्छेप्रमाणेच असावा. मात्र जेथे जावयाचेच नाही, ते नाव यादीत मुळीच असू नये.

आता ही इच्छा कशाच्या आधारे ठरवावी? शहराच्या झगमगाटावरून ती ठरवणे चुकीचे होईल. वैद्यकाचे खरे शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशी होते. १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास ४२० खाटांचे रुग्णालय हवे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे निकष सांगतात. पण त्या खाटांवर रुग्ण आहेत काय आणि शिकवावयास प्राध्यापक आहेत काय, हे प्रत्यक्ष तेथे शिकणाऱ्यांनाच विचारले पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरात गडचिरोली, हिंगोली, वाशीम आदी ठिकाणच्या दहा शासकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. अशा नव्या संस्थांबाबत तर ही चौकशी अत्यावश्यकच होय. उलटपक्षी, गाव लहान म्हणून महाविद्यालय कमी प्रतीचे, हेही खरे नव्हे. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे उभारलेली संस्था यांनी ग्रामीण रुग्णांच्या सहवासात डॉक्टरांच्या कैक पिढ्या घडविल्या आहेत.

तिसरा विचार पैशाचा. आणि तो मुलाच्या देखत झाला पाहिजे. काही अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क वीस लाखांहून अधिक आहे. त्यात वसतिगृह व भोजन यांचा खर्च मिळविला, तर पगारदार कुटुंबाचे घर वा शेत गहाण पडते आणि त्या कर्जाची छाया मुलाच्या पुढील व्यवसायावर पडल्यावाचून राहत नाही. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क याच्या अल्पांशाने आहे. त्याबरोबर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र येते. परंतु ज्या जनतेच्या करातून शिक्षण झाले, तिची वर्षभर सेवा करणे हे संकट मानावे काय?

या कामी शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी पुढे यावयास हवे. ज्या घरातून प्रथमच कोणी डॉक्टर होऊ पाहतो आहे, तेथे नियम समजावून सांगणारे दुसरे कोणी नसते. शिक्षकाने एक संध्याकाळ दिली, तर सल्लागाराचे शुल्क वाचेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अर्जावर अखेर जो क्रम उतरेल, तो त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा असेल.