आफ्रिकन ग्रे पाळताय? आधी हे वाचा

"घरी नेलात की महिन्याभरात बोलायला लागेल बघा," असं सांगून आफ्रिकन ग्रे पोपट विकला जातो. ही थाप आहे. पिल्लू साधारण वर्षाचं झाल्यावर शब्द उचलतं. काही पक्षी मात्र जन्मभर शिट्टी आणि कुकरचा आवाज यापलीकडे जात नाहीत.

या जातीची कीर्ती झाली ती ॲलेक्स नावाच्या पक्ष्यामुळे. शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये तो शिकागोतल्या दुकानातून घेतला. पुढे तो रंग, आकार आणि वस्तू ओळखून त्यांची नावं सांगू लागला, सहापर्यंतची संख्याही बरोबर सांगू लागला. पण त्यामागची मेहनत कोणी सांगत नाही. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांना एखाद्या वस्तूबद्दल प्रश्न विचारत, बरोबर उत्तर देणाऱ्याला ती वस्तू मिळे, आणि हे पाहून ॲलेक्स शिके. 2007 मध्ये तो गेला, तोवर हे चालू होतं. दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकट्या बसलेल्या पक्ष्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

असा एकटा पक्षी पिसं उपटू लागतो. 'पिसं झडतायत, नवी येतील' म्हणून घरचे गप्प बसतात. नैसर्गिक पीसगळतीत कातडी उघडी पडत नाही. छाती उघडी पडली आणि चोच पोचत नाही त्या डोक्यावरची पिसं मात्र शाबूत राहिली, तर तो उपटतोय हे ओळखावं. कंटाळ्यासारखाच आजारही याला कारण असतो, म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवणं आलंच.

खाण्याबद्दलही तसंच. सूर्यफुलाच्या बिया हे याचं अन्न, असं दुकानदार ठासून सांगतो. त्यांत चरबी भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. ग्रेला कॅल्शियमच्या कमतरतेने झटके येतात. पिंजरा बंद खिडकीशी ठेवून ऊन दिल्याचं समाधान फोल आहे, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. ॲव्होकॅडो विषारी. नॉनस्टिक तवा जास्त तापला, तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

कायद्याबाबत तर उलटाच समज आहे. 'आपला हिरवा पोपट चालतो, परदेशी नको.' खरं तर देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ग्रे पाळता येतो, पण नोंदणी करून. 2016 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स करारात त्याला सर्वांत कडक परिशिष्टात टाकलं गेलं, कारण पकडून विकण्यापायी आफ्रिकेतली जंगलं रिकामी होत होती. घानात तर तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. भारतात वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर 2024 मध्ये नियम आले. त्यांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी, आणि पक्षी मेला किंवा दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवायला हवं.

दुसऱ्याकडे जाण्याची वेळ बहुतेकदा येतेच. ग्रे चाळीस ते साठ वर्षं जगू शकतो. पन्नाशीत हौस म्हणून आणणाऱ्याने मुलांना आधीच विचारलेलं बरं.