नागावच्या पावसात गुलमर्गची स्की

सकाळी ६
रात्रभर कोसळून पाऊस जरा उघडलाय. वाडीत पडलेल्या झावळ्या ओढून बाजूला लावल्या, तुंबलेला पाट मोकळा केला. थंडीतले काही आठवडे मी नवशिक्यांना घेऊन गुलमर्गला असतो. एरवी ही वाडी आणि पाहुण्यांच्या खोल्या. म्युनिकची चुलतबहीण दिवाळीला येताना माझ्यासाठी स्की आणणार आहे. कुठली, ते आज रात्री कळवायचंय.

८
पाहुण्यांना घावन आणि चहा. पोरं समुद्रावर जायला उतावीळ. वाळूत खेळा, पाण्यात पाऊल नको, असं मोठ्यांना दोनदा बजावलं.

१०
माळ्यावरून जुनी स्की खाली घेतली. खाऱ्या हवेत पोलादी कडांना गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून हंगाम संपला की तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर देऊन तो खरवडायचा नाही. तरी दोन ठिपके आलेच होते. घासून काढले, पुन्हा मेण लावलं.

१२
गुलमर्गच्या सौम्य उतारावर शिकवताना मी उलटा घसरत जातो. समोरच्याचे गुडघे वाकतात का, ते तसंच दिसतं. सपाट शेपटीची जुनी स्की मागे जाताना बर्फात रुतते. ट्विन-टिपची शेपूटही वर वळलेली, त्यामुळे ती अडत नाही. सालोमोनने १९९८ मध्ये ‘टेनएटी’ काढली ती उड्या मारणाऱ्या पोरांसाठी. मला तीच शेपूट मास्तरकीसाठी हवी आहे.

दुपारी २
जेवण झालं आणि वीज गेली. टंगमर्गच्या सहकाऱ्याला फोन केला. विद्यार्थी सुटले की आम्ही दोघं गोंडोल्याने अफरवटच्या बाजूला, सुमारे ३,९५० मीटरवर जातो. तिथल्या भुसभुशीत बर्फात रुंद स्की तरंगते. पण त्याचं म्हणणं, ताजा बर्फ रोज थोडाच पडतो! वाऱ्याने कडक झालेल्या बर्फावर रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते.

४
शेवटी दोन उरल्या: केटूची ‘रेकनर १०२’ आणि नॉर्डिकाची ‘अनलीश्ड ९८’. आकडे मधल्या रुंदीचे, मिलिमीटरमध्ये. रेकनर मऊ, खेळकर. पाहताक्षणी आवडावी अशी. अनलीश्डच्या पोटात धातूचा पत्रा आहे, त्यामुळे कडक बर्फावर ती कमी थरथरते. माझा बहुतेक दिवस तुडवलेल्या उतारावर जातो. अनलीश्डच. लांबी १७४ सेंटिमीटर, जवळपास माझ्या उंचीइतकी. दोन्ही टोकं उचललेली असल्याने सपाट बर्फावर तिचा कमी भाग टेकतो. म्हणून आखूड घेण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी ७
बूट स्कीला जखडणारं बाइंडिंग कुठे बसवायचं? गिरक्या घेणारे ते मध्याकडे सरकवतात. उलटं जाताना तोल छान राहतो, पण भुसभुशीत बर्फात पुढचं टोक बुडू लागतं. मी कंपनीच्या खुणेवरच ठेवणार. बुटाच्या टाचेशी छापलेली तळव्याची लांबी पाहिली: ३०५ मिलिमीटर. दुकानदाराला ती लागतेच. शिवाय वजन, वय आणि कितपत येतं तेही, कारण पडल्यावर बूट कधी सुटावा ते त्यावरून ठरतं.

रात्री ९
म्युनिकला साडेपाच वाजलेत. सगळं एका निरोपात लिहून पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं: “आणते. काकूला सांग, पांढऱ्या कांद्याची एक माळ माझ्यासाठी राखून ठेव. पाहुण्यांना वाढलीस तर स्की इथेच राहील.”