आधी प्लॅस्टिकवर, मग लेकरावर

अपेंडिक्स किंवा हर्नियाचे ऑपरेशन शिकणारा डॉक्टर आधी मृतदेहावर हात बसवतो, मग वरिष्ठांच्या शेजारी उभा राहून पाहतो आणि वर्ष-दोन वर्षांत स्वतः सुरी धरतो. पण डोक्याला डोके जोडून जन्मलेल्या जुळ्यांना वेगळे करायचे कुठे शिकणार? अशी बाळे जगात इतकी क्वचित जन्मतात की नामांकित सर्जनच्याही हयातीत एखाददुसरीच केस येते.

२०१८ साली पाकिस्तानातून अशा दोन बहिणींना घेऊन त्यांची आई लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात आली. मुली दोन वर्षांच्याही नव्हत्या. वडील त्यांच्या जन्माआधीच वारले होते. दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना, त्यामुळे बहिणीने बहिणीचा चेहरा कधी पाहिलेलाच नव्हता. या रुग्णालयाने त्याआधी अशा दोनच जोड्या वेगळ्या केल्या होत्या, २००६ आणि २०११ मध्ये.

आपण एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरतो आणि समजल्यासारखी मान हलवतो. डॉक्टरांना त्यातले कळते, पण फिल्म सपाट असते. कोणती शीर कोणत्या शिरेच्या मागून जाते, हे मनातच जुळवावे लागते. थ्री-डी प्रिंटर हे काम सोपे करतो. सीटी स्कॅन आणि एमआरआयमध्ये शरीराचे पातळ काप दिसतात. संगणक ते एकावर एक रचतो आणि प्रिंटर थरावर थर चढवून तोच आकार हातात देतो. या मुलींच्या कवट्यांचे, मेंदूंचे आणि रक्तवाहिन्यांचे असे नमुने तयार झाले. मूळचे काश्मीरचे न्यूरोसर्जन ओवैस जिलानी आणि प्लॅस्टिक सर्जन डेव्हिड डनवे यांच्या पथकाने ते हाती घेऊन, फिरवून पाहिले. हाड कुठे कापायचे, आधी कोणती वाहिनी बांधायची, कोणाच्या हातात काय असेल, हे सगळे आधी ठरले. इथे चूक झाली तर दुसरा नमुना छापता येतो.

ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. सगळे मिळून पन्नासहून अधिक तास लागले. शेवटी मुली वेगळ्या झाल्या.

पण प्लॅस्टिकच्या शिरेत रक्त गोठत नाही. सामाईक रक्तवाहिन्या कोणाला द्यायच्या, हा प्रश्न नमुना सोडवू शकत नव्हता. तो जिलानींनीच सोडवला आणि जी बहीण जास्त अशक्त होती, तिला बहुतेक वाहिन्या दिल्या. दुसरीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिच्या डाव्या हातापायात कायमची कमजोरी राहिली. हा निर्णय आपल्याला अजून सलतो, असे जिलानींनी नंतर उघडपणे सांगितले.

जुलै २०१९ मध्ये दोघींना रुग्णालयातून सुट्टी मिळाली.